ग्रामीण शवविच्छेदन आणि स्थानिक दबाव : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचा इतिहास हा प्रामुख्याने अधिकारांच्या वाटपाचा इतिहास आहे. मृतदेह कोणाच्या ताब्यात जातो, तो कोणासमोर उघडला जातो आणि त्यावरचे मत कोणाकडे सुपूर्द होते, या तीन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रात दीर्घकाळ एकसारखी नव्हती. १८७१ च्या कॉरोनर कायद्यान्वये मुंबई शहरात कॉरोनर हे स्वतंत्र पद होते. त्याला ज्यूरी बसविता येई, साक्षीदारांना शपथेवर बोलाविता येई. मात्र घोडबंदर रस्त्यावरील चेणे, आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडणारे गाव, ठाणे जिल्ह्यातले. मुंबई इतकी जवळ असूनही तेथील संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरकडे नव्हे, तर मुफसलातील अन्य गावांप्रमाणे पोलीस व दंडाधिकाऱ्यांकडे होती. १९९९ मध्ये मुंबईतील कॉरोनरचे पदही रद्द झाले. ग्रामीण भागाला स्वतंत्र चौकशीची व्यवस्था मिळण्याऐवजी शहराचीच व्यवस्था ग्रामीण नमुन्यावर आणली गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

पंचनामा आणि पंच :

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४) पाहिले असता दबावाचे मूळ कोठे आहे ते ध्यानात येते. पोलीस अधिकारी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतो व आवश्यक वाटल्यास प्रेत जवळच्या शल्यचिकित्सकाकडे किंवा शासनाने नेमलेल्या अन्य पात्र वैद्यकाकडे पाठवितो. कायद्यातील हे ‘प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणजे लहान गावात बहुधा तीच माणसे, ज्यांच्या भावकीवर संशय असण्याची शक्यता असते. वैद्यकीय अधिकारी अनेकदा न्यायवैद्यकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे आणि शिबिरे यांतून वेळ काढून तो शवागारात येतो. त्याच पोलीस ठाण्यातून आरोपी त्याच्याकडे तपासणीसाठी येतात आणि रुग्णालयात गोंधळ झाल्यास संरक्षणासाठीही त्याला तेच ठाणे गाठावे लागते.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९७६ ते १९८३ या काळात गाजलेल्या ‘क्विन्सी’ या मालिकेचा नायक शवचिकित्सक होता आणि तो वरिष्ठांशी बेधडक वाद घालीत असे. परंतु त्याच्या पाठीशी एका मोठ्या परगण्याचे स्वतंत्र कार्यालय होते. तालुक्याच्या डॉक्टरकडून तसाच बाणेदारपणा अपेक्षिणे हे त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक करणे होय.

दबावाची दखल कोण्या कथाकाराने नव्हे, तर वैधानिक व्यवस्थेने घेतली. ऑक्टोबर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्याची शिफारस केली. स्थानिक डॉक्टर पोलिसांच्या दबावाला बळी पडतात व त्यामुळे वस्तुस्थितीचा विपर्यास होतो, हे कारण त्यात स्पष्टपणे नमूद होते. १९९७ मध्ये आयोगाने शवविच्छेदन अहवालाचा आदर्श नमुनाही सुचविला. कारण खोटा अहवाल नेहमी खोटे विधान करूनच तयार होतो असे नाही. रिकामा सोडलेला रकाना तेच काम करतो.

खैरलांजी (२००६) :

याचे विदारक उदाहरण भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात मिळते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे, कन्या प्रियांका, पुत्र सुधीर व रोशन यांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनातील उणिवांविषयी तीव्र आक्षेप घेतले गेले आणि ऑक्टोबरमध्ये पुरलेली प्रेते उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. तोवर प्रेते कुजलेली होती. लैंगिक अत्याचार झाला होता काय, या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर मिळण्याची वेळ निघून गेली होती. संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. सप्टेंबर २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरविले व त्यांपैकी सहा जणांना मृत्युदंड दिला. बलात्काराचा आरोप मात्र टिकला नाही आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू झाला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने मृत्युदंडाचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. तो निष्काळजीपणा होता की दबाव, याची चर्चा पुष्कळ झाली. न्यायालयापुढील परिणाम मात्र दोन्ही शक्यतांत एकच राहतो. प्रथम तपासणीत जे नोंदले गेले नाही, ते दुसऱ्या तपासणीत परत येत नाही.

परभणी आणि फलटण :

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी येथे न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन परभणीत न होता छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले व प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेला आघात हे कारण नोंदविले गेले. शासनाच्या वतीने मात्र श्वसनविकाराचा उल्लेख करण्यात आला होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. गावापासूनचे अंतर आणि तज्ज्ञांचे एकापेक्षा अधिक हात यांनी येथे जे साधले, ते एकाकी वैद्यकीय अधिकाऱ्याला साधले असते काय?

या प्रश्नाला फलटणची पार्श्वभूमी आहे. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी सातारा जिल्ह्यातील फलटण उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याने आत्महत्या केली. तळहातावर लिहिलेल्या मजकुरात एका पोलीस उपनिरीक्षकावर अत्याचाराचा आरोप होता. त्याखेरीज आरोपींची वैद्यकीय प्रमाणपत्रे व शवविच्छेदन अहवाल बदलून देण्यासाठी तिच्यावर दबाव येत होता, असे नातेवाइकांनी सांगितले. पोलिसांविरुद्ध तिने त्यापूर्वीच लेखी तक्रार केल्याचेही वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. आरोपींना अटक झाली व विशेष तपास पथक नेमण्यात आले. आरोपांची शहानिशा हे न्यायालयाचे काम आहे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने तिची तक्रार कोणाकडे गेली, हा तपशील लक्षणीय ठरतो. ती पोलिसांविरुद्धची होती आणि ती ज्यांच्याकडे द्यावी लागली, ते त्याच दलातील वरिष्ठ होते.