वाफ्याला खत किती? इंदूरच्या खड्ड्यापासून आपल्या घमेल्यापर्यंत



‘भाजीच्या वाफ्याला कंपोस्ट किती घालायचं?’ असं विचारलं, की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘असेल तेवढं घाला.’ पण असतं ते थोडंच. पहिल्या चार वाफ्यांना भरपूर पडतं, उरलेले तसेच राहतात. म्हणून खत मोजून टाकावे. हे खत मोजूनमापून करायला आपल्याकडे कशी सुरुवात झाली, ते आधी बघू.

शेणाची टंचाई काही आजची नाही. गोवऱ्या थापल्या की शेण चुलीत जायचे आणि शेत उपाशी राहायचे. थोड्या शेणात जास्त खत कसे करावे, या प्रश्नावर होळकरांच्या इंदुरात मोठे काम झाले. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संशोधन संस्थेत यशवंत वाड यांच्या सोबतीने कंपोस्टची पद्धत बसवली. दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले.

त्यांचा खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असे. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि तीन वेळा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा, ओल आणि नत्र तिन्ही लागतात. नुसत्या काडीकचऱ्यात नत्र कमी पडते, ते शेण-मूत्रातून मिळते. म्हणजे खताचा हिशेब खड्डा भरतानाच सुरू होतो.

पुढे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, नारायण देवताव पांढरीपांडे या शेतकऱ्याने विटांचे जाळीदार टाके काढले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडले. टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीतल्या भोकांतून हवा खेळते, त्यामुळे उलथापालथीची मजुरी वाचते. सुमारे १०० किलो शेण, १४०० ते १५०० किलो काडीकचरा आणि चाळलेली माती घातली, की तीन-चार महिन्यांत अडीच ते तीन टन खत निघते.

आता वाफ्याचा हिशेब. भाजीपाल्याला हेक्टरी २० टन कुजलेले खत धरले, तर चौरस मीटरला २ किलो पडते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद वाफा म्हणजे ६ चौरस मीटर. त्याला १२ किलो. गुंठ्याला साधारण २०० किलो. या मापाने नाडेपच्या एका टाक्यात १२ ते १५ गुंठे भागतात.

डोळ्याच्या अंदाजावर मात्र जाऊ नका. वाफ्यावर एक इंच थर दिला, तर गुंठ्याला सुमारे ९१ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक ब्रास खत लागते. वर सांगितलेल्या मापाच्या ते कितीतरी पट झाले. दोन किलोचा थर इंचाच्या पाव भागाहूनही कमी असतो. दिसायला थोडा, पण मातीत नीट मिसळला की पुरतो.

एवढे करा :

१. आपले घमेले खताने भरून एकदा तोलून घ्या. घमेल्यात १२ किलो बसले, तर वरच्या वाफ्याला एक घमेले.

२. खत ओले असेल तर वजनात पाणीच जास्त असते, तेव्हा थोडे वाढवून घाला.

३. अर्धकच्चे खत घालू नका. ते मातीतले नत्र ओढून घेते, रोपे पिवळी पडतात आणि हुमणीचीही भीती असते. मूठभर खत हातात घ्या. मातीसारखा वास आला आणि काडी ओळखू येत नसली, तर खत तयार झाले.

४. आधी सगळे वाफे मोजा, बेरीज करा आणि मगच उकिरड्याला फावडे लावा. खत कमी भरले, तर सगळ्या वाफ्यांना सारखे वाटा.