आर्णीचा रफार

२०१४ च्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, माझ्या दुकानातल्या पडद्यावर आमच्या गावाचं नाव ‘आणीर्’ असं उमटलं. अठ्ठावीस वर्षं मराठी टंकलेखन केलेली बाई मी. दुकानाच्या पाटीवर आर्णी, बिलबुकावर आर्णी, आणि नव्या सिस्टीमवर तेवढी दोन अक्षरं मला लिहिता येईनात. प्रतिज्ञापत्रासाठी समोर बसलेले काकाजी वाकून म्हणाले, “काहून वो बाई, गावाचं नाव बदललं काय?”

गावाचं नाव तेच होतं. बदललं काय, ते कळायला मला तीन आठवडे लागले. ते सांगायचं तर आधी वडिलांच्या छापखान्यापर्यंत मागे जायला हवं.

माझे वडील यवतमाळला खिळे जुळवायचे. हे शहर छापखान्याला जुनं. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं ते इथूनच. त्याचं दैनिक झालं १९७१ मध्ये, नागपुरात. वडिलांचा छापखाना मात्र हँडबिलांचा आणि लग्नपत्रिकांचा. लाकडी खणांतून एकेक खिळा उचलायचा आणि उलटा धरून ओळीत बसवायचा. ‘कि’ जुळवायचा तर हात आधी वेलांटीच्या खणाकडे जाई, मग ‘क’च्या. कागदावर डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी, एवढाच त्या कामाचा नियम.

टाइपरायटर आला तरी तो नियम मोडला नाही. १९६४ च्या राजभाषा कायद्यानंतर सरकारी कारभार मराठीत येत गेला, कचेऱ्यांना मराठी टायपिस्ट लागू लागले आणि तालुक्याच्या गावांत टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. मी दारव्ह्याच्या अशाच एका वर्गात १९८६ मध्ये नाव घातलं. टिनाच्या छपराखाली आठ मशिनी. सर पाठीमागून येऊन आमच्या हातांवर पुठ्ठा धरायचे, कळांकडे कोणी बघू नये म्हणून. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा. ‘दिग्रस’ मारायचं तर पहिली वेलांटी आधी, ‘द’ मागून. ‘आर्णी’ मारायचं तर आ, मग ण, मग दुसरी वेलांटी आणि सगळ्यात शेवटी रफार. रफार मारताना सर म्हणायचे, “घराला कवेलू शेवटीच चढते, पोरी.” ते बोटांत असं बसलं की पुढं झोपेतसुद्धा चुकलं नसतं.

१९९९ मध्ये मी आर्णीला तहसीलजवळ दुकान टाकलं. कॉम्प्युटर, विंडोज ९८ आणि एक डीटीपीचा फॉन्ट. लोक म्हणाले, आता सगळं नवं शिकावं लागेल. कशाचं काय! फॉन्टवाल्यांनी टाइपरायटरचाच कळफलक उचलून आत घातला होता. त्या फॉन्टांची गंमत अशी, की यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतंच. आत साठायचं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. त्यावर ‘क’चं चित्र चढवलेलं. रफार हेही वेगळं चित्र. त्यामुळं ९८ जाऊन एक्सपी आलं तेव्हा पडद्यावर हिरवी टेकडी आली, स्टार्टचं बटण हिरवं झालं, पण माझी बोटं होती तिथंच राहिली. विंडोज २००० पासून खरी, युनिकोडची मराठी यंत्रात येऊन बसली होती. मी तिकडं ढुंकून पाहिलं नाही. पत्रिका निघत होत्या, अर्ज निघत होते.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार काढून घेतला. नवं विंडोज विकत घ्यायचं तर लग्नसराईची अर्धी कमाई गेली असती. पुसदला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणाला, “मावशी, उबंटू टाकून देतो. फुकट आहे आणि चोरीचंही नाही.” उबंटूची १४.०४ ही आवृत्ती १७ एप्रिलला आली होती, एक्सपीनंतर नऊच दिवसांनी. दुकानात दोन मशिनी होत्या. त्यातल्या एकीवर त्यानं फॉरमॅट मारून पेनड्राइव्हवरून ते चढवलं आणि तो परीक्षेला निघून गेला.

पहिले दोन दिवस चाचपडण्यात गेले. खिडकी बंद करायची फुली उजवीकडून डावीकडे गेलेली. सी ड्राइव्ह नाही, डी ड्राइव्ह नाही. काहीही नवीन टाकायला गेलं की पासवर्ड मागणार, आणि टाइप करताना तिथं टिंबसुद्धा दिसेलच असं नाही. पण माणूस नवीन घरात पाण्याचा माठ कुठं ते दोन दिवसांत शिकतोच. अडलं ते मराठीपाशी. भाच्यानं कळफलक लावून दिला होता तो इनस्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. कळा कुठं आहेत ते मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. तरीही ‘दिग्रस’ लिहायला वेलांटी आधी मारली, की ती एका ठिपक्यांच्या गोलाला धरून एकटीच उभी राही आणि ‘द’ पलीकडे जाऊन बसे. ‘आर्णी’चा ‘आणीर्’ झाला तोही असाच. मी सवयीनं रफार शेवटी चढवत होते.

रविवारी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, दिसते तसं नको मारू. बोलते तसं मार.”

मी फोन ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं: आ, र, पाय मोडला, ण, दुसरी वेलांटी. पडद्यावर रफार आपोआप उडी मारून ‘णी’च्या डोक्यावर जाऊन बसला. मग ‘दिग्रस’. द ला पहिली वेलांटी दि. हे तर पहिलीच्या बाईंनी पाटीवर शिकवलेलं! बाराखडीत वेलांटी कधीच आधी नव्हती. ती आधी आणली खिळ्यांनी, टाइपरायटरनं तीच रीत चालवली, आणि मी तिला मराठी समजून बसले होते.

पुढं कळलं, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला तो १९८६ मध्येच. दारव्ह्यात सर माझ्या हातावर पुठ्ठा धरत होते, त्याच वर्षी ही सोपी वाट आखून झाली होती. आर्णीला यायला तिला अठ्ठावीस वर्षं लागली.

सगळंच जमलं असं नाही. पत्रिका मी कितीतरी दिवस जुन्या मशिनीवरच काढल्या. जुन्या फॉन्टांतल्या पंधरा वर्षांच्या फाइली उबंटूवर उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. कामाचं तेवढं पुन्हा टाइप केलं, बाकीचं सोडलं. पण २०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन आले, तेव्हा मी तयार होते. आमच्या भागात सगळ्यात जास्त लागणारा शब्द ‘शेतकऱ्यांना’. त्यातला ‘ऱ्या’ भल्याभल्यांकडून ‘र्या’ होऊन रफार बनतो. इनस्क्रिप्टवर त्या ऱ्याचा ‘र’ वेगळा आहे, शिफ्ट धरून मारायचा. त्या पावसाळ्यात तो मी दिवसाला शंभरदा मारला असेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपला. पुन्हा लोक दुकानात येऊन विचारतात, बाई, आता काय टाकू, जमेल का? मी त्यांना काही समजावत बसत नाही. खुर्ची पुढं सरकवते आणि म्हणते, आधी आपल्या गावाचं नाव लिहून दाखवा, पण तोंडानं म्हणत म्हणत. परवा एक दिग्रसचे गुरुजी बसले होते. सवयीनं बोट वेलांटीकडे गेलं, थांबलं. मग पुटपुटत त्यांनी ‘द’ शोधला.