चिखलातून बर्फात

पारशिवनीत बर्फ पडतो तो गारपिटीचा, आणि तोही पिकं झोडपून जातो. तरी बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलची कुळकथा सांगायचा हक्क आम्हाला आहे, कारण या गाडीचं मूळ चिखलात आहे.

पेंचच्या कालव्याचं पाणी बांधीत आलं की रोवणीआधी चिखलणी सुरू होते. नुसत्या रबरी चाकांचा ट्रॅक्टर तिथे जागच्या जागी फिरतो नि रुतत जातो. म्हणून चाकांना लोखंडी केजव्हील जोडतात. त्यानं वजन जास्त जागेवर पसरतं आणि आडव्या पट्ट्या वल्ह्याप्रमाणे चिखल मागे रेटतात.

कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळच्या भुसभुशीत जमिनीत बेंजामिन होल्टचे वाफेचे ट्रॅक्टर असेच फसत. त्यानं चाकं रुंद करत नेली, इतकी की एक ट्रॅक्टर ४६ फूट रुंद झाला! शेवटी १९०४ साली त्यानं मागची चाकं काढून फळ्यांचा फिरता पट्टा बसवला. सुरवंटासारख्या त्या चालीवरून यंत्राला ‘कॅटरपिलर’ नाव पडलं.

तो पट्टा जड आणि संथ होता. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळणाऱ्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसानं बर्फासाठी लवचीक पट्टा केला. तशाच पट्ट्याच्या सित्रोएन गाड्या १९३१ मध्ये श्रीनगरहून गिलगिटच्या डोंगरवाटेला लागल्या होत्या.

पण आजच्या स्नोमोबाइलचं घर म्हणजे कॅनडातलं क्विबेक. १९३४ च्या हिवाळ्यात तिथल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्यानं गेला. बर्फानं रस्ते बंद, दवाखान्यात नेता आलं नाही. पुढे १९३७ पासून त्याची सात जणांची पट्ट्याची गाडी विकली जाऊ लागली. मग सरकारच हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढू लागलं आणि मोठ्या गाड्यांचं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा त्यानं १९५९ मध्ये हलकी, मोटारसायकलसारखी बसायची ‘स्की-डू’ आणली. गरजेच्या गाडीचा खेळ झाला तो इथून.

खेळ आला तसे दोन पंथ पडले. दाबून घट्ट केलेल्या वाटेवर धावणाऱ्यांना साधारण १२० ते १२९ इंचांचा आखूड पट्टा बरा. गाडी चपळ वळते. डोंगरातल्या मऊ, भुसभुशीत बर्फात १५४ इंच किंवा त्याहून लांब पट्टा आणि अडीच-तीन इंचांचे रबरी दात लागतात. क्रॉसओव्हर नावाची गाडी या दोन्हींच्या मधली: १३७ ते १४६ इंच, दात दीड-दोन इंचांचे.

पारख करताना आकड्यांना भुलू नये. ही लांबी पूर्ण वेढ्याची असते. पट्टा २५ इंच वाढला तर बर्फावर टेकणारा भाग जेमतेम साडेबारा इंच वाढतो. उंच दात मऊ बर्फ छान रेटतात, पण कडक वाटेवर वाकतात नि लवकर झिजतात. चाकांऐवजी पुढे असणाऱ्या दोन स्कींमधलं अंतरही बघावं: जास्त असेल तर वाटेवर गाडी स्थिर राहते, कमी असेल तर डोंगरउतारावर तिरपी काढणं सोपं. शिवाय बहुतेक गाड्यांचं इंजिन आणि पट्टा आतून ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या उडत्या बर्फानंच गार राहतात. कडक बर्फावर तो उडत नाही, गाडी तापते. म्हणून वाट खरवडून बर्फ उडवणारे खरवडे बसवलेले आहेत का, हे विचारावं.

माझं मत विचाराल तर दिवसातला बहुतेक वेळ वाटेवर जाणार असेल तर १३७, निम्मा वेळ मऊ बर्फात असेल तर १४६. फक्त डोंगरच करायचा असेल तर क्रॉसओव्हरच्या नादी लागू नये. आमच्याकडे रबरी टायर तसाच ठेवून बाजूनं हाफ-केज लावतात, तोही असाच मधला मार्ग. फरक एवढाच की डांबरी रस्त्यावर येण्याआधी तो धुऱ्यावरच नटबोल्ट खोलून काढता येतो, आणि काढावाच लागतो, नाहीतर रस्ता उखडतो. क्रॉसओव्हरचा पट्टा असा वाटेत उतरवता येत नाही; लांबी दुकानातच ठरवावी लागते.