कर्णबधिर मुलांसाठी फ्लॅग फुटबॉल

फ्लॅग फुटबॉल म्हणजे धक्काबुक्की नसलेला अमेरिकन फुटबॉल. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. कमरपट्ट्याला फिती लटकतात. चेंडूवाल्याची फीत ओढली की त्याची धाव तिथेच थांबते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घ्यायचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईतच झाला.

डाव ठरवायला खेळाडू गोल करून उभे राहतात, त्याला ‘हडल’ म्हणतात. ही कर्णबधिरांचीच देणगी मानली जाते. 1890 च्या दशकात वॉशिंग्टनच्या गॅलोडेट कॉलेजातली मुलं हातांच्या खुणा समोरच्या संघापासून लपवायला अशी उभी राहत.

पुण्यातल्या पालकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत किमान 60 डेसिबल श्रवणदोष लागतो. डेफलिंपिक्सच्या नियमात चांगल्या कानात 55 पुरतो. म्हणजे कायद्याच्या व्याख्येत न बसणारं मूलही तिथे पात्र ठरू शकतं. त्यामुळे ऑडिओग्राम जपून ठेवा.

तिथे सामन्यात श्रवणयंत्र काढावं लागतं. म्हणून सरावातही शिट्टीऐवजी झेंडा हलवा. सुरुवातीला मोहल्ल्यातलं मैदान, एक चेंडू आणि कापडाच्या पट्ट्या एवढं बस झालं.