हेब्रॉनचं अन्नछत्र

हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉनला येणारा प्रवासी उपाशी राहत नसे. १०४७ साली तिथे गेलेल्या नासिर-ए-खुस्रो या इराणी प्रवाशानं तिथला रतीब टिपून ठेवला आहे : दर माणशी एक रोटी, ऑलिव्हच्या तेलात शिजवलेली वाडगाभर मसूर आणि मनुका. काही दिवशी पाचशे पाहुणे जेवून जात. हे अन्नछत्र पैगंबर इब्राहीम यांचंच, अशी लोकांची श्रद्धा होती. बायबलमधला अब्राहाम तो हाच. हेब्रॉनमधल्या, त्यांच्या मानल्या जाणाऱ्या कबरीभोवतीचा प्रचंड दगडी कोट मात्र हेरोद राजाच्या काळातला, म्हणजे इस्लामच्या सहाशे वर्षं आधीचा.

मुस्लीम जेत्यांनी दुसऱ्याचं तीर्थ बळकावलं, असं यावर कुणी म्हणेल. सत्तेचा भाग त्यात होताच. पण निव्वळ बळकावणारा जुनं नाव पुसतो. इथे इब्राहीम, इसहाक, याकूब ही नावं तशीच राहिली, कारण इस्लामी श्रद्धेत हे सगळे आपलेच पैगंबर आहेत. कुराणात पंचवीस पैगंबरांची नावं येतात. परंपरा एकूण संख्या एक लाख चोवीस हजार सांगते. मूसा (मोझेस), ईसा (येशू), मुहंमद यांना मिळालेला संदेश मुळात एकच, असं ती मानते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो घरातूनच आला. जेरुसलेमचाच भूगोलकार अल-मुकद्दसी यानं दहाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट लिहिलं की हे अन्नदान इब्राहीमपासून चालत आलेलं नाही. त्याचा खर्च तमीम अद-दारी या मुहंमद पैगंबरांच्या सहकाऱ्याच्या आणि इतरांच्या वक्फमधून, म्हणजे धर्मादाय दानातून निघतो. एवढ्यावर न थांबता, ते अन्न न घेणंच बरं, असंही त्यानं सुचवलं. श्रद्धाळू माणसाची ही चिकित्सा मला मोलाची वाटते. पण तिनं श्रद्धेचा पाया ढासळत नाही. इस्लामी कल्पनेतलं सातत्य मुळात अखंड नाहीच. ईसा आणि मुहंमद यांच्या मधला काळ पैगंबराविना गेला, हे कुराणच सांगतं. संदेश थांबतो, लोक विसरतात, पुन्हा तोच येतो. मुहंमद यांच्यानंतर तर नवा संदेश येणारच नव्हता. पुढचं सातत्य माणसांनाच सांभाळायचं होतं. मग वक्फच्या पैशानं इब्राहीमची चूल पेटवण्यात विसंगती कसली?

मात्र वारसा सांगणारा भाऊबंदांना उंबऱ्याबाहेरही ठेवतो. मामलुक सुलतान बैबर्सनं १२६६ मध्ये ज्यू आणि ख्रिस्ती यांना कबरीच्या या वास्तूत मज्जाव केला. पुढे ज्यूंना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच जाता येई, आणि हा निर्बंध १९६७ पर्यंत टिकला.