थरथर गिळणारे चाक
मोटारीच्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला, पट्ट्याच्या पुलीमागे, एक जाडजूड चाक असते. मागच्या टोकाला, स्वयंचलित गिअरपेटीच्या बाजूला, एक पातळ पोलादी तबकडी असते. पहिल्याला हार्मोनिक बॅलन्सर म्हणतात, दुसरीला फ्लेक्सप्लेट. इंजिनाची ताकद वाढवू पाहणारा हौशी माणूस कॅमशाफ्ट, पिस्टन, कार्ब्युरेटर यांवर सढळ हाताने खर्च करतो आणि या दोन वस्तू उरल्यासुरल्या पैशांत उरकतो. ही काटकसर किती महागात पडते, हे त्यांच्या इतिहासातच लिहिलेले आहे.

प्रश्न प्रथम पुढे आला तो जहाजांत. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीतील अभियंता हेरमान फ्राम याने १९०२ साली जहाजांच्या लांब दांड्यांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. फिरणारा दांडा नुसता फिरत नाही. तो सतत पिळला जातो आणि सुटतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलके धक्के देत राहिले की झोका वाढत जातो. तसेच, ठरावीक वेगाला हा पीळ वाढत जाऊन दांडा तोडू शकतो.

मोटारीला हा धडा लवकरच मिळाला. १९०५च्या सुमारास हेन्री रॉइस यांनी सहा सिलिंडरची तीस अश्वशक्तीची गाडी काढली. चार सिलिंडरच्या मानाने तिचा क्रँकशाफ्ट लांब, म्हणून पिळाला अधिक हळवा. ते क्रँकशाफ्ट तुटू लागले. पुढच्या ४०/५० गाडीसाठी रॉइस यांनी क्रँकशाफ्टची मांडणीच बदलली. डेम्लर कंपनीच्या सहा सिलिंडरच्या गाड्यांनाही हाच रोग जडला. तिचे सल्लागार फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याचे निदान केले आणि १९१०मध्ये उपायाचे पेटंट घेतले. क्रँकशाफ्टच्या टोकाला त्यांनी एक छोटे मोकळे चाक बसवले, त्याला दांड्याशी जोडणाऱ्या चकत्यांमध्ये दाट तेल ठेवले. दांडा थरथरला की मोकळे चाक आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळते, तेल घुसळले जाते आणि थरथरीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

इथे नावाचा एक घोटाळा नोंदवला पाहिजे. लँचेस्टर यांचा ‘हार्मोनिक बॅलन्सर’ ही वेगळी रचना होती : क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन दांडे, चार सिलिंडरच्या इंजिनाची उभी हादर मारण्यासाठी. आज बाजारात ज्याला बॅलन्सर म्हणतात तो बहुतेकदा डॅम्पर असतो. तोल साधणे आणि थरथर शमवणे ही कामे वेगळी आहेत.

पुढे तेलाची जागा स्वस्त रबराने घेतली : मधे तुंबा, भोवती रबराची पट्टी, बाहेर जड कडे. अधिक ताकदीच्या इंजिनांसाठी दाट सिलिकॉन द्रव भरलेले डॅम्परही आले. १९४० सालच्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलबरोबर हायड्रामॅटिक आणि १९४८मध्ये ब्युइकची डायनाफ्लो या स्वयंचलित गिअरपेट्या आल्या. टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच जड. त्यामुळे जाड फ्लायव्हीलची गरज उरली नाही. कन्व्हर्टर तापून फुगला तरी किंचित लवेल अशी फ्लेक्सप्लेट पुरेशी ठरली. तिच्या कडेवरच स्टार्टरचे दाते बसले.

खरी गुंतागुंत अमेरिकी व्ही-८ इंजिनांनी वाढवली. १९७०च्या शेव्हरोले ४०० इंजिनात क्रँकशाफ्टवर पुरेसे वजन मावेना, म्हणून उरलेले वजन बॅलन्सर आणि फ्लेक्सप्लेटवर चढवले गेले. त्याच घराण्यातील त्या काळच्या ३५० इंजिनाला असे बाहेरचे वजन लागत नाही. फोर्डच्या ३०२मध्ये हे वजन आधी २८ औंस-इंच होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते ५० झाले. भाग दिसायला सारखेच. फरक २२ औंस-इंच, म्हणजे एक इंच त्रिज्येवर सुमारे ६२४ ग्रॅम. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना हिशेब केला, तर एका टोकाला चुकीचा भाग लावताच सुमारे ६४० किलो वजनाइतकी ओढ सेकंदाला शंभर वेळा दिशा फिरवत बेअरिंगवर पडते.

यातून निवडीचे नियम आपोआप निघतात. आधी आपल्या क्रँकशाफ्टचा तोल आतला की बाहेरचा, आणि किती औंस-इंचांचा, हे ठरवावे. पुढचा व मागचा भाग त्याच मापाचा घ्यावा. जुन्या बॅलन्सरचे रबर तडकले असेल, तर बाहेरचे कडे सरकते आणि टायमिंगची खूण खोटे बोलू लागते. मग प्रज्वलनही चुकते. नवा भाग हातोडीने ठोकू नये, बसवण्याच्या स्क्रूच्या हत्यारानेच ओढून घ्यावा. अमेरिकेतील एसएफआय संस्थेची डॅम्परसाठी १८.१ आणि फ्लेक्सप्लेटसाठी २९.१ ही मानके आहेत. वेग वाढवायचा असेल, तर तो शिक्का पाहावा. फ्लेक्सप्लेट बोल्टच्या भोकांभोवती तडकते आणि तिचा ठकठक आवाज बेअरिंगच्या आवाजासारखा भासतो. इंजिन खोलण्याआधी ती तपासावी. आणि केवळ वजन वाचवण्यासाठी डॅम्पर काढून हलकी नुसती पुली लावणे, म्हणजे रॉइस यांच्या तुटक्या क्रँकशाफ्टकडे परत जाणे होय.

ताकद पिस्टनवर जन्मते खरी. पण ती चाकापर्यंत पोचते ती याच दांड्यावरून. त्याच्या दोन टोकांना काय बसवले आहे, हे शेवटी नव्हे, सर्वांत आधी पाहायचे असते.