प्रौढांमधील जिभेची ताकद व गिळण्याची क्रिया

जिभेची ताकद म्हणजे जीभ उचलून टाळूवर पूर्ण जोराने दाबली असता निर्माण होणारा कमाल दाब होय. हा दाब किलोपास्कल या एककात मोजतात. घास तोंडातून घशाकडे ढकलण्याचे काम प्रामुख्याने जीभ करते. म्हणून तिची ताकद हा गिळण्याच्या क्षमतेचा एक निर्देशक मानला जातो. वाढत्या वयाबरोबर ही ताकद कमी होते. तरुण वयात ती पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा सरासरीने काहीशी अधिक आढळते. उतारवयात हा फरक कमी होत जातो. तरीही निरोगी वृद्ध व्यक्ती सहसा सुरक्षितपणे गिळू शकते. वयामुळे घटते ती मुख्यत्वे राखीव ताकद, आणि ही घट बहुधा आजारपणातच प्रकट होते.

रचना व कार्य

जीभ आठ स्नायूंच्या जोड्यांनी बनलेली असते. त्यांपैकी चार जोड्या जिभेच्या आतच असून तिचा आकार बदलतात, तर उरलेल्या चार जोड्या जबडा, कंठास्थी, टाळू व कवटी यांना जोडलेल्या असून तिची जागा बदलतात. एक जोडी वगळता या सर्व स्नायूंचे नियंत्रण बाराव्या मस्तिष्क चेतेकडे असते.

गिळण्याच्या क्रियेचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात चावलेले अन्न लाळेत मिसळून त्याचा घास बनतो आणि जीभ तो टाळूवर दाबत मागे सरकवते. हा टप्पा इच्छेच्या अधीन असतो. दुसऱ्या टप्प्यात घास घशातून जातो. त्या वेळी श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाऊन श्वासमार्ग बंद होतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. तिसऱ्या टप्प्यात अन्ननलिकेच्या आकुंचनाने घास जठरात पोहोचतो.

मापन

जिभेचा दाब मोजण्यासाठी हवा भरलेला लहान फुगा जीभ व टाळू यांच्यामध्ये ठेवतात. फुगा जास्तीत जास्त जोराने दाबण्यास सांगून उपकरणावरील आकडा नोंदवतात. बहुधा तीन प्रयत्नांतील सर्वोच्च वा सरासरी मूल्य ग्राह्य धरले जाते. अमेरिकेत विकसित झालेले आयोवा ओरल परफॉर्मन्स इन्स्ट्रुमेंट (आयओपीआय) हे या कामी सर्वाधिक वापरले जाणारे उपकरण आहे. त्यावर निरोगी तरुण प्रौढांचा कमाल दाब साधारणतः ६० किलोपास्कलच्या आसपास आढळतो. जपानमध्ये वेगळ्या बनावटीचे उपकरण प्रचलित असून तेथे ३० किलोपास्कलपेक्षा कमी दाब हा मुखाची कार्यक्षमता घटल्याचा एक निकष मानतात. फुग्याचा आकार व बनावट भिन्न असल्याने दोन उपकरणांवरील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

वयाचा परिणाम

वयोमानानुसार शरीरातील सर्वच स्नायूंचे वस्तुमान घटते. या प्रक्रियेस सार्कोपेनिया म्हणतात. जीभही तिला अपवाद नाही. साठीनंतर, व विशेषतः सत्तरीनंतर, कमाल दाबातील घट स्पष्ट दिसू लागते.

मात्र नेहमीचा घास गिळताना जीभ आपली सर्व ताकद वापरत नाही. निरोगी वृद्धांमध्ये कमाल दाब कमी झाला, तरी गिळताना वापरला जाणारा दाब तरुणांइतकाच राहू शकतो. कमाल दाब व प्रत्यक्ष वापरातील दाब यांतील अंतरास राखीव क्षमता म्हणतात. वृद्धापकाळी हे अंतर कमी होते. त्यामुळे ताप, शस्त्रक्रिया, कुपोषण किंवा दीर्घ अंथरूण यांमुळे अशक्तपणा आल्यास, एरवी व्यवस्थित जेवणारी व्यक्तीही गिळताना अडखळू लागते.

वयाबरोबर इतरही बदल घडतात. गिळण्याची क्रिया काहीशी मंदावते, घशाची संवेदना बोथट होते आणि एक घास गिळण्यासाठी कधी दोनदा प्रयत्न करावा लागतो. निरोगी वृद्धांमधील अशा बदलांना प्रेस्बीफेजिया म्हणतात. गिळण्याच्या विकारास डिस्फेजिया अशी संज्ञा असून तो वार्धक्याचा अपरिहार्य भाग नाही. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश तसेच डोके व मान यांचा कर्करोग ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

लिंगाचा परिणाम

तरुण व मध्यम वयात पुरुषांच्या जिभेचा सरासरी कमाल दाब स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. शरीराचे आकारमान व स्नायूंचे वस्तुमान हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. सर्वच अभ्यासांत हा फरक सारखा दिसलेला नाही, आणि वृद्धांमध्ये तो लहान होतो किंवा आढळत नाही. पुरुषांचा पाण्याचा घोट सरासरीने मोठा असतो. या फरकांमुळे स्त्रियांचे गिळणे सदोष ठरत नाही. तपासणीत व्यक्तीच्या आकड्याची तुलना तिच्याच वयोगटातील व लिंगाच्या निरोगी व्यक्तींशी करणे अपेक्षित असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. नोकरीसाठी मुंबईस जाण्याची जुनी परंपरा असल्याने येथील अनेक घरांत वृद्ध माणसे, विशेषतः स्त्रिया, मागे राहतात. एकट्याने जेवणाऱ्या व्यक्तीच्या गिळण्यातील बदल इतरांच्या लक्षात उशिरा येतात.

मालवण किनारपट्टीच्या आहारातील पदार्थ गिळण्याच्या दृष्टीने परस्परांहून भिन्न आहेत. सोलकढी पातळ असल्याने घशात वेगाने उतरते. श्वासमार्ग वेळेवर बंद न झाल्यास तिने ठसका लागू शकतो. उकड्या तांदळाच्या पेजेत पाणी व शिते एकत्र असतात. पेज मऊ असली, तरी शिते चावली जात असताना पाणी आधीच घशात उतरू शकते. म्हणून असा मिश्र पदार्थ गिळण्याचा विकार असलेल्यांना कठीण जातो. एकजीव शिजलेली कुळथाची पिठी तुलनेने सावकाश व सलग उतरते. कोरडे वडे चावण्यास आणि ओले करण्यास अधिक श्रम लागतात.

मासळीतील काटे घासातून वेगळे काढण्याचे काम जीभ आपल्या स्पर्शज्ञानाने करते. टाळू झाकणारी दातांची कवळी वापरणाऱ्यांना हे काटे सहज जाणवत नाहीत. पेडवे व तारली यांसारख्या बारीक काट्यांच्या मासळीबाबत हा धोका अधिक असतो. अडकलेला काटा भाताचा गोळा गिळून खाली ढकलण्याची रीत प्रचलित आहे. परंतु त्यामुळे काटा अधिक खोल रुतू शकतो. काटा अडकल्याची जाणीव टिकून राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तो काढून घेणे योग्य ठरते.

लक्षणे व धोके

जेवताना वारंवार ठसका लागणे, गिळल्यावर आवाज घोगरा वा ओलसर होणे, तोंडात अन्न साचून राहणे, जेवणास फार वेळ लागणे, वजन घटणे आणि छातीत पुनःपुन्हा संसर्ग होणे ही प्रमुख लक्षणे होत. अन्न वा लाळ श्वासमार्गात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. काही रुग्णांत अन्न श्वासमार्गात जाऊनही ठसका लागत नाही. त्यामुळे ठसक्याचा अभाव म्हणजे सुरक्षितता असे मानता येत नाही. ठसक्याच्या भीतीने पाणी टाळल्यास शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होते.

तपासणी व उपचार

गिळण्याची तपासणी व पुनर्वसन हे वाक् व भाषा उपचारतज्ज्ञांचे कार्यक्षेत्र आहे. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांद्वारे घेतलेले चलत्चित्रण आणि नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी या दोन प्रमुख पद्धती आहेत. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) या क्षेत्रातील प्रमुख संस्था आहेत.

जिभेचे स्नायू व्यायामाने बळकट होतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७० ते ८९ वर्षे वयाच्या १० निरोगी व्यक्तींनी आठ आठवडे जीभ टाळूवर दाबण्याचा व्यायाम केला असता, त्यांचा कमाल दाब व गिळतानाचा दाब दोन्ही वाढले. नमुना लहान असला, तरी वार्धक्यातही जिभेची ताकद परत मिळवता येते, हे त्यातून दिसून आले. व्यायामाखेरीज ताठ बसून खाणे, लहान घास घेणे, मुखाची स्वच्छता राखणे व अन्नाची घनता बदलणे हे उपाय योजले जातात. अन्न व पेयांच्या घनतेसाठी ० ते ७ अशा आठ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी उपलब्ध आहे. कोणती पातळी योग्य, हे रुग्णाची तपासणी करूनच ठरवले जाते.